सोलापूरहून विनिपेगला जाताना: पहिल्या हिवाळ्याविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला आहे. जुळे सोलापुरात वाढलेला एक तरुण नोकरीसाठी नोव्हेंबरात कॅनडातल्या विनिपेगला निघालाय. सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. आई चौसष्ट वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, रक्तदाबाची गोळी आहे, आणि त्यांना जानेवारीत बोलावून घ्यायचा बेत आहे. त्याने विचारलंय, "आमचं रक्त उन्हाळ्यातलं, पातळ. उणे तीसला शरीर किती दिवसांत सरावेल? इथून काय काय न्यावं? आईला झेपेल का?"

मी कॅनडाच्या त्याच पट्ट्यात बरीच वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम केलं आणि आता सोलापुरात असतो. तिकडे निघालेली मंडळी अधूनमधून भेटून जातात, आणि जवळजवळ प्रत्येकजण हेच विचारतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी रक्ताचं. रक्त पातळ असल्यामुळे थंडी सोसत नाही, यात तथ्य नाही. कडक उन्हाळ्यात राहणाऱ्याच्या रक्तातला पाण्याचा भाग थोडा वाढतो हे खरं, घाम गाळायला ते लागतंच. पण थंडी सोसण्याचा त्याच्याशी संबंध नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण थंड देशात गेल्यावर 'रक्त पातळ करायची' गोळी, म्हणजे ॲस्पिरिन वगैरे, स्वतःच्या मनाने बंद करणारे पेशंट मी पाहिलेत. आईंना तशी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

आता सरावाचं. उन्हाला शरीर खरोखर सरावतं. आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, घामातलं मीठ कमी होतं. मेमधल्या ४२-४३ अंशांत आपली माणसं बाजारहाट करतात ती या जोरावर. थंडीच्या बाबतीत शरीराकडे अशी मोठी सोय नाही. वारंवार गारठ्यात गेलं की हुडहुडी कमी भरते आणि थंडी कमी 'वाटते', इतकंच. आतलं तापमान टिकवून धरण्याची ताकद फारशी वाढत नाही. कोरियात समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बायका आहेत, त्यांना हेन्यो म्हणतात. साध्या सुती कपड्यांवर त्या गारठलेल्या पाण्यात काम करायच्या आणि त्यांच्या शरीरात थंडीशी जुळवून घेतल्याच्या खुणा संशोधकांनी मोजल्याही होत्या. १९७० च्या दशकात अंगभर रबरी पोशाख आले आणि काही वर्षांत त्या खुणा पुसल्या गेल्या. तुम्ही तर गरम घरातून गरम गाडीत आणि गाडीतून गरम ऑफिसात जाणार. शरीराला सराव व्हायला संधीच मिळणार नाही.

तेव्हा शरीर सरावण्याची वाट बघू नका. तिकडे जन्मलेला माणूस पाच हिवाळ्यांनंतर, पन्नास हिवाळ्यांनंतरही उणे तीसला जवळजवळ तुमच्याइतकाच गोठतो. मुख्य फरक एवढाच की दार उघडण्याआधी त्याचा हात आपोआप टोपीकडे जातो. हे वागणं तुम्हाला पहिल्या दोन महिन्यांत शिकायचं आहे आणि ते सहज जमतं.

विनिपेगचे आकडे समजून घ्या. जानेवारीत दिवसाचं कमाल तापमान सरासरी उणे ११ च्या आसपास आणि रात्रीचं किमान उणे २१ च्या आसपास असतं. उणे ३० चे दिवस दर हिवाळ्यात येतात. सोलापुरात डिसेंबरात पहाटे पारा १४-१५ वर आला की आपण शाल गुंडाळून शेकोटी पेटवतो. तिथून आणखी पंचेचाळीस अंश खाली उतरायचं आहे. त्यावर वारा. तिथल्या हवामान अंदाजात तापमानाच्या शेजारी 'विंड चिल' असा दुसरा आकडा असतो. पहिले काही महिने तापमानापेक्षा तोच आकडा बघा. उघड्या चामडीवरून वारा उष्णता किती वेगाने ओढून नेतो, याचा तो हिशोब आहे. विंड चिल उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत, आणि उणे ४८ च्या खाली २ ते ५ मिनिटांत. बसची वाट बघत उभं राहण्याचा वेळ यापेक्षा जास्त असू शकतो, हे लक्षात ठेवा.

माझ्याकडे येणाऱ्या गोठलेल्या कान-बोटांपैकी डोंगरावर किंवा बर्फात हरवलेल्यांचे फार थोडे असत. बहुतेक असे: केराची पिशवी टाकायला बाहेर पडलेला, गाडीवरचं बर्फ हातमोज्यांशिवाय खरवडणारा, दार मागे लॉक झाल्यामुळे चप्पल घालून व्हरांड्यात अडकलेला. "दोनच मिनिटांचं काम होतं" हे वाक्य मी त्या खोलीत किती वेळा ऐकलं असेल. आपल्याकडचा एक पोरगा आंघोळ करून ओल्या केसांनी, कानात बाळी घालून, पार्किंगमध्ये गाडी सुरू करायला गेला होता. आला तेव्हा उजव्या कानाच्या पाळीचा कडेचा भाग मेणासारखा पांढुरका आणि कडक झाला होता, दाबला तर खळगा पडत नव्हता. दुखत नाही म्हणून तो निवांत होता. मला काळजी वाटली ती नेमकी त्याचीच.

गोठण्याचा क्रम असा असतो. आधी टोचतं, झोंबतं. मग बधिर होतं आणि दुखणं थांबतं. हे दुखणं थांबणं ही बरं झाल्याची खूण समजू नका, उलट तो धोक्याचा इशारा आहे. गोऱ्या लोकांसाठी लिहिलेल्या पत्रकांत 'लालसर, मग पांढरी' त्वचा असं वर्णन असतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. राखाडी, पिवळसर, मेणचट डाग दिसतो. म्हणून नुसतं बघू नका, बोटाने चाचपून बघा. बाहेर असताना एकमेकांच्या नाकाकडे, गालांकडे बघायची सवय लावा, स्वतःचं नाक स्वतःला दिसत नसतं. आणखी एक गोष्ट: फार गारठल्यावर बोटांतल्या रक्तवाहिन्या दर काही मिनिटांनी थोड्या उघडून बोटं वाचवतात, ही उघडझाप उष्ण प्रदेशातून आलेल्यांत काहीशी मंद आढळते. म्हणजे शेजारी उभा असलेला तिथला सहकारी हातमोजे काढून फोनवर बोलतोय म्हणून आपणही तसं करायचं नाही.

गोठलंच तर काय करायचं? घरात या, ओलं असेल ते काढा, अंगठ्या काढा. गोठलेला भाग कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंशांच्या, बुडवून ठेवा. पाणी दुसऱ्या कुणी तरी कोपराने तपासावं, कारण बधिर हाताला कढत पाणीसुद्धा समजत नाही. शेकोटी, हीटर, गरम पाण्याची पिशवी नको. चोळायचं नाही. बर्फाने चोळायचा उपाय अजूनही कुणीतरी सांगतं, तो तर अजिबात करू नका, कातडीखालचे गोठलेले कण चोळण्याने पेशी फाडतात. पुन्हा थंडीत जावं लागणार असेल तर वितळवूच नका. वितळून पुन्हा गोठलेल्या भागाचं नुकसान सर्वांत वाईट. फोड आले, रंग काळसर झाला किंवा अर्ध्या तासात संवेदना परतली नाही तर हॉस्पिटल गाठा. तिकडचा तातडीचा नंबर ९११.

आता सामानाकडे येतो, कारण बॅगा भरायला तुम्ही सुरुवात केली असेलच.

तुमच्या बॅगेत सोलापुरी चादर असणार, हे मी न पाहता सांगतो. जायच्या दिवशी मामा, काका, ऑफिस सगळे चादरच देतात. चादर चांगलीच आहे, जीआय मानांकन काही उगीच मिळालेलं नाही. पण ती सुती आहे. सुती कापड कोरडं असेपर्यंत ठीक. घाम किंवा वितळलेलं बर्फ त्याने एकदा शोषलं की धाग्यांमधली हवा जाते, पाणी राहतं आणि ते अंगाची उष्णता ओढत बसतं. ऊब कापडात नसतेच, कापडात अडकलेल्या हवेत असते. म्हणून घरात सोफ्यावर पांघरायला एक चादर न्या, चार नेऊ नका, वजन खातात. त्यापेक्षा टर्किश टॉवेल दोन जास्त न्या. केस पूर्ण कोरडे करून बाहेर पडायला ते रोज उपयोगी पडतील.

याच कारणाने सुती बनियन, सुती मोजे, जीन्स हे बाहेरच्या कपड्यांत बसत नाही. अंगाला लागून लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं पातळ इनर, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं जाड जॅकेट, मांड्यांपर्यंत येणारं. इनर इथून न्या, स्वस्त पडतात, माणशी तीन जोड पुरेत. हिवाळ्यात आपल्या गावात तिबेटी स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडचा स्वेटर मधल्या थराला चालेल. पण जॅकेट आणि बूट इथे घेऊ नका. इथे मिळणारं 'उणे वीसचं जॅकेट' मनालीच्या सहलीपुरतं असतं. तिथे गेल्या गेल्या घ्या, आणि पैसे राखून खर्च करायचे असतील तर जॅकेटवर वाचवा, बुटांवर वाचवू नका. वापरलेले कपडे विकणारी मोठी दुकानं तिथे असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलांचे स्नोसूट, म्हणजे बर्फात घालायचे अंगभर जाड पोशाख, तर बहुतेक सगळे तिथूनच घेतात, कारण पुढच्या वर्षी ते आखूड होतात.

बूट एक माप मोठे घ्या. आपली माणसं जाड मोज्यांचे दोन जोड घालून बूट आवळतात, त्याने पायाचं रक्त अडतं आणि मधली हवा दाबली जाते, पाय दुप्पट गार पडतात. लोकरीचा एक जोड आणि आत बोटं हलवायला जागा, एवढं हवं. हातासाठी पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चारी बोटं एकत्र राहतात ते पिशवीसारखे मोजे जास्त उबदार. फोन वापरायचा म्हणून त्याच्या आत पातळ बोटांचे मोजे घाला.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते असं सांगतात ते चूक आहे. डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग, उष्णता त्याच बेताने जाते. तरी टोपी हवीच, कारण बाकी सगळं झाकलेलं असताना उघडं राहतं ते डोकंच. आणि इथे मी आपल्या माकडटोपीच्या बाजूने उभा आहे. पोरं तिला हसतात, पण कान, गाल, हनुवटी, मान एका झटक्यात झाकणारी दुसरी वस्तू नाही. तिथे हीच टोपी काळ्या रंगात, 'बालाक्लाव्हा' या नावाने, बऱ्यापैकी महाग मिळते. आजोबांची असेल तर घेऊन जा.

विमानातून उतरल्यावर घालायचा एक सेट, म्हणजे इनर, स्वेटर, जॅकेटसारखं काहीतरी, टोपी, मोजे, हा हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन केलेली बॅग मागे राहिली तर विमानतळाबाहेर टी-शर्टवर उभे राहाल. नोव्हेंबरात तिथे बर्फ पडलेलं असतं.

बाहेरच्या थंडीची भीती सगळ्यांना असते. घरातल्या हवेची कुणाला नसते, आणि पहिल्या हिवाळ्यात दवाखान्यात आणते ती तीच. उणे २० च्या एक घनमीटर हवेत पाण्याची वाफ जेमतेम १ ग्रॅम मावते. तीच हवा घरात घेऊन २१ अंशांवर तापवली की तिच्यात १८ ग्रॅम मावू शकतात, पण आहे तर एकच. म्हणजे आर्द्रता पाच-सहा टक्क्यांवर येते. स्वयंपाक, आंघोळ, माणसांचा श्वास यामुळे ती थोडी वाढते, तरीही आपल्या मे महिन्याच्या दुपारीपेक्षा ती हवा कोरडी असते. मग नाकात खपल्या धरतात, रक्त येतं, ओठ फाटतात, पोटऱ्या पांढऱ्या पडून खाजतात, मुलांचा इसब उफाळतो. नाकातून रक्त आलं की आपल्याकडे 'उष्णता झाली' म्हणून सब्जा पाजतात. पाजा, बिघडत नाही, पण उपाय हवेवर करायचा आहे. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या आणि ती ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत वाफ सोडणारं यंत्र, चालेल, पण त्याची टाकी नियमित घासून धुवायला हवी. आपला जुना उपाय तितकाच चांगला: धुतलेले कपडे मशीनमध्ये न वाळवता खोलीत दोरीवर टाका. मात्र खिडकीच्या काचेवर आतून पाणी ओघळू लागलं तर आर्द्रता जास्त झाली समजा, चौकटीत बुरशी धरते.

आंघोळ रोज करा, पण कढत पाण्याने पाऊण तास नको. कोमट पाणी, पाच-सात मिनिटं, साबण काखा-जांघांपुरता. अंग टिपल्याबरोबर, ते अजून दमट असतानाच, व्हॅसलीनसारखं घट्ट मलम लावा. खोबरेल तेलही चालतं, पण तिथे ते बाटलीत गोठलेलं असेल, म्हणून रुंद तोंडाच्या डब्यात ठेवा. कोरड्या अंगावर तेल चोळून काही होत नाही. ओल आत असताना वरून झाकण घालायचं असतं. नाकात रात्री थोडं मलम किंवा मिठाच्या पाण्याचा स्प्रे.

याच बंद घराशी जोडलेली एक गोष्ट मला सगळ्यांत गंभीर वाटते. शेगडी. तिकडे मुलीचं किंवा सुनेचं बाळंतपण करायला आई किंवा सासू येतात, आणि बाळ-बाळंतिणीला शेक-धुरी द्यायची म्हणून निखारे शोधतात. आपल्या जुन्या घरांना कौलं, झरोके, दारांखाली फटी होत्या. तिकडची घरं वारा शिरू नये म्हणून बांधलेली असतात. तशा खोलीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. घरात कोळसा, अंगणातलं बार्बेक्यू, कसलेही निखारे नकोत, धुरीच्या नावाखालीही नकोत. शेक द्यायचाच तर कापड कोमट करून द्या. झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना हे भाड्याचं घर घेताना बघा. घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारा पाइप भिंतीतून निघतो, वादळानंतर तो बर्फाने बुजला नाही ना ते बघत जा. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये, दार वर केलेलं असलं तरी, गाडी 'गरम करत' सोडू नका. आणि फोडणीच्या धुराने धुराचा अलार्म बोंबलतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारे महाभाग आपल्यातच निघतात. चुलीवरचा पंखा लावा, मिरचीची फोडणी जरा मंद आचेवर द्या, बॅटरी राहू द्या.

घरमालक हीटिंगचे पैसे वेगळे घेत असेल तर बाहेरगावी जाताना ते बंद करायचा मोह होईल. करू नका. नळातलं पाणी गोठून पाइप फुटतात आणि नंतर येणारं बिल चार हिवाळ्यांच्या हीटिंगएवढं असतं. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातून गेलेल्या माणसाला घरात पूर आलेला पाहवत नाही.

मुलीचं सांगतो. शाळा थंडीसाठी सहसा बंद होत नाही आणि मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर खेळायला काढतात. तिला स्नोपँट, बूट, टोपी आणि हातमोज्यांचे दोन जोड द्या, एक ओला होतोच. गाडीत मात्र जाड स्नोसूटवर सीटचे पट्टे बांधू नका. अपघातात सूट दाबला जातो, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यातून निसटतं. जॅकेट काढून पट्टे घट्ट बांधा, मग जॅकेट उलटं करून पुढून पांघरा. तुमची चादर इथे कामाला येईल. लोखंडी खांबाला जीभ लावायचा मोह चार वर्षांच्या मुलांना होतोच. चिकटली तर ओढायची नाही, कोमट पाणी ओतायचं. हे तिला आधीच सांगून ठेवा. सांगितल्यावर ती करून बघेल, पण निदान ओढणार नाही.

उजेडाकडे आपली माणसं दुर्लक्ष करतात. सोलापुरात वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. विनिपेगला डिसेंबरअखेर सूर्य साधारण साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. जानेवारी-फेब्रुवारीत झोप आवरत नाही, गोड खावंसं वाटतं, कशात मन लागत नाही, बायकोवर विनाकारण चिडचिड होते. घरची आठवण येते म्हणून असं होतं असं समजून माणसं गप्प बसतात. थोडी आठवण असतेच, गड्ड्याच्या जत्रेचे फोटो फोनवर येत असतात तेव्हा कुणाचं मन लागेल? पण हिवाळ्यातली उदासी हा १९८४ पासून वैद्यकशास्त्रात नोंदलेला विकार आहे आणि त्यावर उपाय आहे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कितीही थंडी असो, अंगभर कपडे घालून वीस मिनिटं बाहेर चाला. तेवढ्याने भागलं नाही तर १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिवा मिळतो, सकाळी उठल्यावर अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं, चहा पीत, थेट दिव्याकडे न बघता. डोळ्यांचा आजार असेल किंवा मूड अतिशय चढण्या-उतरण्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तुमच्यापेक्षा पत्नीवर लक्ष ठेवा. तुम्हाला ऑफिस आहे; तिला काम मिळेपर्यंत ती दिवसभर त्या घरात असेल.

ड जीवनसत्त्वाचा प्रश्नही उजेडाचाच. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टनला नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि त्याहून उत्तरेच्या एडमंटनला ऑक्टोबर ते मार्च उन्हात त्वचेने ड जीवनसत्त्व बनवलंच नाही. विनिपेग या दोहोंच्या मध्ये, एडमंटनकडे जास्त झुकलेलं. सावळ्या त्वचेला मुळातच जास्त ऊन लागतं. कॅनडात दुधात ड मिसळणं सक्तीचं आहे, त्या दुधाचं दही लावा, पण तेवढ्यावर विसंबू नका. रोजची गरज ६०० युनिट, सत्तरीनंतर ८००, त्या बेताची गोळी हिवाळाभर घ्या. इथून ६०,००० युनिटच्या पुड्या नेऊन मनाला येईल तशा घेऊ नका.

खाण्यापिण्याचं फार सांगण्यासारखं नाही. बाजरीची भाकरी, शेंगाचटणी, तिळाचे लाडू खा, मन प्रसन्न राहतं. पण २१ अंशांच्या घरात बसून डिंकाचे लाडू रोज चार खाल्ले तर थंडी पळत नाही, वजन वाढतं. पाणी मात्र आठवणीने प्या. गारठ्यात तहान लागत नाही आणि लघवी जास्त होते. दारूने गरम वाटतं कारण रक्त कातडीकडे येतं, म्हणजे उष्णता बाहेर जाते. पिऊन बर्फात चालत घरी निघणं जीवावर बेततं.

चालण्याचं एक सांगतो. सपाट तळव्यांच्या बुटांनी तिथे मनगटं मोडतात. पावलं छोटी टाका, वजन पुढच्या पायावर ठेवा, हात खिशातून बाहेर. डांबरावर दिसणारी 'ओल' बहुधा पातळ बर्फ असतं. गाडी घेतलीत तर हिवाळी टायर लावा, रात्री इंजिन फार गारठू नये म्हणून बसवलेला त्याचा विजेचा हीटर प्लगला लावायला विसरू नका, आणि डिकीत फावडं, घोंगडी, टॉर्च ठेवा. रस्त्यात बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, त्याआधी सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही हे उतरून बघा, आणि काच थोडी खाली ठेवा.

राहिल्या आई. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. इथे १३० असलेला दाब तिथे १५० होऊ शकतो, त्यासाठी दाब मोजायचं यंत्र न्या आणि पहिले काही आठवडे नोंद ठेवा. बाहेर पडल्यावर छातीत दडपल्यासारखं झालं तर ते गारव्याचं म्हणून सोडून देऊ नका. बर्फ उचलायचं फावडं त्यांच्या हाती देऊ नका. आपल्या बायका 'बसून काय करू' म्हणून अंगणातलं बर्फ काढायला जातात, आणि बर्फ काढताना हार्ट अटॅक येणं तिथे दर हिवाळ्यात घडतं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर गरम पाण्याची पिशवी पायाशी नको, हीटरला पाय लावून बसणं नको. भाजलेलं कळतच नाही. रोज रात्री तळपाय कुणीतरी बघायचे. इन्सुलिन पर्समध्ये किंवा गाडीत राहिलं आणि गोठलं तर वितळवून वापरू नका, फेकून द्या. बाहेर नेताना ते जॅकेटच्या आत, अंगालगत ठेवा. साखर मोजायचं यंत्रही गारठल्यावर चुकतं किंवा बंद पडतं, घरात आल्यावर थोडं थांबून मोजा.

हे सगळं सांभाळलं तर त्यांना झेपेल. पण माझं मत विचाराल तर जानेवारी नको. तुम्ही स्वतः पहिल्याच हिवाळ्यात चाचपडत असाल, मूल नव्या शाळेत असेल, आणि त्या दिवसभर बंद खिडकीशी एकट्या बसतील. मेअखेर न्या. तेव्हा तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, बागेत फिरता येतं, डास मात्र सोलापूरला मागे टाकतील असे असतात. चार महिने राहू द्या, पहिली थंडी पडायच्या आत परत पाठवा. पुढच्या हिवाळ्यात राहायचंच असेल तर तोवर घर, रस्ते, डॉक्टर त्यांच्या ओळखीचे झालेले असतील. तिकीट अजून काढलं नसेल तर थांबा, काढलं असेल तर तारीख बदलायचे पैसे भरा. आणि कधीही निघाल्या तरी इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा.